घर घ्यायच्या आधी एक पावसाळा त्याच भागात भाड्यानं काढून बघा

आधी प्रश्न काय आलाय ते थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापुरातले नवरा-बायको, दोघं तिशीतले, नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला, वहिनी राजारामपुरीत एका शाळेत कॉन्ट्रॅक्टवर, मुलगी यंदा पहिलीला जाणार. दोघांचे मिळून हातात ७४ हजार येतात, आजवर साठवलेले १३ लाख आहेत. सध्या टाकाळ्याला ११ हजार भाडं भरून राहतायत. कदमवाडीला एका चालू स्कीममध्ये २ बीएचके बघितलाय, बिल्डर ४६ लाख सांगतोय आणि म्हणतोय की ह्या आठवड्यात १ लाख टोकन द्या नाहीतर रेट वाढणार. गावाकडं राधानगरी तालुक्यात वडिलांचं घर आहे, वडील म्हणतायत "किती दिस दुसऱ्याच्या घरात राहणार, भाडं म्हणजे पैसं पाण्यात", सासरेबुवाही तेच म्हणतायत. आणि कंपनीत चर्चा आहे की दोन-तीन वर्षांत काही लोकांना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या नवीन प्लांटला हलवणार. घ्यावं का भाड्यानंच राहावं, असा प्रश्न.

मी सिव्हिल इंजिनियर, गेली २३ वर्षं बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतोय, म्हणजे तुम्ही लोन मागितलं की जो माणूस टेप घेऊन घर बघायला येतो तो मी. त्यामुळं ह्या शहरातली बरीच घरं मी आतून बघितलीत, घेतानाची आणि काही वर्षांनी विकायला काढल्यावरचीही.

माझं उत्तर असं की तुम्ही घर घ्या, पण आत्ता नको आणि हे नको. टाकाळ्याचं घर सोडा, कदमवाडीतच किंवा जिथं घ्यायचंय त्याच भागात भाड्यानं जावा, जून ते सप्टेंबर एक अख्खा पावसाळा तिथं काढा आणि मग ठरवा. का ते सविस्तर सांगतो.

पैशाचं आधी बघू. ४६ लाख हा फ्लॅटचा आकडा झाला, तुमच्या खिशातनं जाणारा आकडा वेगळा आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी लागतो, ४५ लाखाच्या वर गेला की ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार. स्टॅम्प ड्युटी मनपा हद्दीत सेस धरून ६ टक्के, म्हणजे २ लाख ७६ हजार, नोंदणी फी ३० हजार. नुसत्या वहिनींच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते हे लक्षात ठेवा, दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. इथपर्यंतच ५१ लाख ३६ हजार झाले. त्यात लोनची प्रोसेसिंग फी, वकील, लाईट मीटर, सोसायटीचं डिपॉझिट, किचन ट्रॉली, पंखे, ग्रिल हे सगळं धरा, काटकसर केली तरी अडीच-तीन लाख, एकूण ५४ च्या आसपास. आणि ३० ते ७५ लाखाच्या लोनला बँक किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर देत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, म्हणजे लोन ३६ लाख ८० हजार. उरलेले १७ लाख तुम्हाला घालायचेत आणि तुमच्याकडं आहेत १३. वरचे ४ लाख कुठनं आणणार हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की पर्सनल लोन, नाहीतर वहिनींचे दागिने गहाण, नाहीतर वडिलांची एफडी मोडायची. मी आजवर बघितलेल्या ज्या घरांचे हप्ते थकले त्यात घराच्या लोनपेक्षा ह्या वरच्या लोननंच माणसं जास्त अडचणीत आली होती.

जीएसटीचं अजून एक सांगतो कारण हे बिल्डर स्वतःहून सांगत नाही. कोल्हापूर मेट्रोत धरत नाहीत, त्यामुळं इथं कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखाच्या आत असेल तर तो फ्लॅट परवडणाऱ्या घरात बसतो आणि जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो. तुमचा ४६ चा फ्लॅट ४५ ला बसला तर २ लाख ३० हजाराऐवजी ४५ हजार जीएसटी. पण ४५ म्हणजे पार्किंग वगैरे बिल्डर जे काही वर लावतो ते सगळं धरून ४५, नुसता फ्लॅटचा रेट नव्हे. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटीच नाही.

आता हप्ता. मी व्याज साडेआठ टक्के धरतो, आज काही बँका कमी दरानंही देतायत पण फ्लोटिंग आहे, २० वर्षांत वरखाली होणारच, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्या दहा महिन्यांत रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ वरनं साडेसहावर गेला होता हे लोनवाल्या कुणालाही विचारा. ३६ लाख ८० हजाराला २० वर्षांचा हप्ता येतो ३१,९३६. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले २६ हजार व्याजाला जातात आणि मुद्दलातनं कमी होतात फक्त ५,८६९. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात तर १९ लाख १६ हजार भरून होतात आणि तरी डोक्यावर ३२ लाख ४३ हजार शिल्लक राहतात. म्हणजे पाच वर्षांत पावणेपंधरा लाख नुसतं व्याज.

भाडं म्हणजे पैसे पाण्यात असं वडील म्हणतात, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी ज्या काळात घर बांधलं तेव्हा दगड घरच्या शेतातला आणि गवंडी भावकीतला होता, लोन हा प्रकारच नव्हता. पण लोन काढून घर घेणाऱ्यानं व्याजालाही तोच नियम लावला पाहिजे. तसलाच फ्लॅट त्या भागात साडेबारा हजार भाड्यानं मिळतोय असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे महिन्याला पाण्यात जाणारे एकीकडं साडेबारा हजार आणि दुसरीकडं २६ हजार.

हप्ता आणि भाडं ह्यातला फरक १९ हजार. हे १९ हजार दर महिन्याला बँकेच्या रिकरिंग डिपॉझिटला टाकले, साडेसहा टक्क्यानं, तर पाच वर्षांत १३ लाख ४० हजाराच्या आसपास होतात. आणि जे १७ लाख सुरुवातीला घालणार होता ते तसेच एफडीत ठेवले असते तर त्यांचे साडेतेवीस लाख. मिळून ३७. फ्लॅट घेतला आणि त्याची किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली असं धरलं तर पाच वर्षांनी ५८ लाख ७० हजार, त्यातनं लोन वजा केलं की तुमचे २६ लाख. बरोबरी व्हायला फ्लॅटची किंमत पाच वर्षं सलग दरवर्षी साडेआठ टक्क्यांच्या वर वाढायला पाहिजे. भाडं पण दरवर्षी वाढतं म्हणाल, बरोबर आहे, पण तिकडं मेंटेनन्स आणि घरफाळा तुमच्या अंगावर येतो, एफडीच्या व्याजावर टॅक्स बसेल तो बसेल, ढोबळ मानानं हे सगळं आपापसात फिटतं. दहा-बारा वर्षं त्याच घरात राहिलात तर चित्र बदलतं कारण तोवर भाडं बरंच वर गेलेलं असतंय आणि हप्ता तिथंच असतोय. म्हणून मी विचारतो की सात-आठ वर्षं तरी इथनं हलणार नाही ह्याची खात्री आहे का. तुमची नाही. कागलची चर्चा आहे आणि वहिनींची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. हा १९ हजाराचा हिशोब कागदावर सगळ्यांना जमतो, घरात फार थोड्यांना. लग्न निघतं, गाडी बदलायची होते, गावाकडं बोअर मारायची होते आणि रिकरिंग मोडतं. ज्यांच्या हातात पैसा टिकतच नाही त्यांना हप्त्याची सक्तीच वाचवते, असे लोक मी बघितलेत आणि त्यांना मी घर घ्याच असं सांगितलंय. पण तुम्ही ७४ हजारात भाडं भरून १३ लाख साठवलेत. तुम्हाला त्या सक्तीची गरज नाही.

टॅक्सचं दोन ओळीत. नवीन पद्धतीत असाल तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजावर सूट नाही आणि भाड्यावर एचआरएची सूटही नाही, जुन्या पद्धतीत व्याजाला २ लाखांपर्यंत आहे. टॅक्स वाचतो म्हणून घर घ्या असं कुणी सांगत असेल तर तुम्ही कुठल्या पद्धतीत आहात हे त्यानं आधी विचारलं का बघा.

आता पावसाळ्याचं, आणि ह्यावर मी जरा जास्त बोलणार.

२००५, २०१९, २०२१. कोल्हापुरात घर घेणाऱ्यानं महापुराची ही तीन सालं पाठ करावीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं पोरासोरांनाही माहिती आहे, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटाच्या वर गेलं होतं, २०२१ ला साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. सुतारवाडा, दुधाळी ही नेहमीची ठिकाणं, पण त्या दोन वर्षांत शाहूपुरीत, नागाळा पार्कात, रमणमळ्यात, व्हीनस कॉर्नरला लोकांनी होड्या बघितल्या. कदमवाडी म्हटलं तर वरचा भाग वेगळा आणि बापट कॅम्पच्या अंगाला उतार लागतो तो वेगळा, दोन्हीचा पत्ता कदमवाडीच सांगतात आणि जाहिरातीतही तेच लिहितात. तुमची स्कीम ह्यातल्या कुठल्या अंगाला आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, मला वाटतं तुम्हालाही अजून नीट माहिती नाही, कारण साईट तुम्ही मार्चमध्ये बघितलीय.

२०१९ च्या पुरानंतर दोन-अडीच महिन्यांनी मी दुधाळीच्या बाजूला एका तळमजल्याच्या फ्लॅटचं व्हॅल्युएशन करायला गेलो होतो. नवीन रंग, पांढराशुभ्र, घरात अगरबत्तीचा वास. मालक म्हणाले आमच्यात पाणी आलंच नाही, पायरीवरनं मागं फिरलं. घेणारं जोडपं तुमच्याच वयाचं, वहिनींच्या कडेवर लहान बाळ. मी हॉलमधल्या स्विचबोर्डचे चार स्क्रू काढले आणि पट्टी खाली घेतली. आत बॉक्सच्या तळाला बोटभर गाळ सुकून बसलेला, नखानं उकरला तर पापुद्रा निघाला. मग बाथरूमचा दरवाजा बघितला, वरची बिजागरी लख्ख आणि खालची गंजून फुगलेली, चौकटीचं लाकूड गुडघ्याच्या वरपर्यंत फुललेलं, त्यावर लांबी भरून ऑइलपेंट मारलेला. त्या वहिनींनी तो गाळ हातात घेऊन बघितला आणि काही बोलल्या नाहीत. व्यवहार झाला नाही, पण त्यांनी आधीच संचकार (इसाराची रक्कम) दिलेला होता, तो परत मिळायला त्यांना दीड वर्ष फिरावं लागलं.

म्हणून म्हणतो की त्याच भागात राहून बघा. रिकाम्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या बिल्डिंगच्या भिंती तुम्हाला काही सांगणार नाहीत, पण शेजारच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या बिल्डिंगा सांगतील. त्यांच्या पार्किंगमधले मीटर किती उंचावर लावलेत बघा, पुरानंतर वर हलवलेले असतील तर जुन्या जागेची भोकं आणि सिमेंटचे ठिगळ दिसतात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येतंय का, पावसाळ्यात मोटर लावून उपसावं लागतंय का, हे वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा की २०२१ ला माल कुठं हलवला होता. आणि कागदावर बघायचं असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात तो गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर घेऊन जा आणि पूररेषा बघा, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन्हीच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. परवानगी आहे म्हणजे पाणी येणार नाही असा अर्थ होत नाही.

घरात पाणी आलं नाही तरी तुमची नोकरी नदीपलीकडं आहे हे विसरू नका. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळी पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. कागलला बदली झाली तर उलट, नदी ओलांडायची गरज नाही पण कदमवाडीतनं रोज अख्खं शहर पार करून जायचं, तेव्हा उजळाईवाडी किंवा आर. के. नगरच्या बाजूला राहणं सोयीचं वाटेल. म्हणजे जागेचा प्रश्न तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीवर अडकलाय. भाड्याचं घर दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटतं. लोनवरचा फ्लॅट विकायचा म्हटला तर आमच्या अनुभवात सहा महिने ते वर्ष धरा, आणि घाई आहे हे कळलं की घेणारा दर पाडतो.

दुसरं पाणी म्हणजे नळाचं. शहरात काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, तरी कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती दाबानं येतं हे राहिल्याशिवाय कळत नाही. स्वस्त मिळतंय म्हणून पाचगाव, मोरेवाडी, कळंब्याच्या बाजूला बघायचा विचार आलाच तर लक्षात ठेवा, तिथला बराच भाग मनपा हद्दीच्या बाहेर आहे, हद्दवाढीचं भिजत घोंगडं किती वर्षं पडलंय ते आपण बघतोच. पाचगावात एका घरी मी सकाळी साडेसातला गेलो तर त्या ताईंचं अर्ध्या दिवसाचं काम झालेलं, पहाटे चारला उठून पाणी भरलेलं, पॅसेजमध्ये सात निळी बॅरल ओळीनं आणि प्रत्येकावर खडूनं तारीख. त्या म्हणाल्या, "घर घेताना ह्यांनी दिशा बघितली, वास्तू बघितली, नळ सोडून बघितला न्हाई." तिथंही चांगली घरं आहेत, मी नको म्हणत नाही, पण एप्रिल-मे तिथं काढल्याशिवाय घेऊ नका.

आणि त्या बाजूला कुणी गुंठेवारीचा प्लॉट दाखवला, "एक गुंठा घ्या, वर दोन खोल्या बांधा, लोन कशाला" असं म्हणाला, तर सातबारावर सामाईक नावं किती आहेत, एनए (बिगरशेती) आहे का, लेआउट मंजूर आहे का हे वकिलाकडनं बघून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. नुसत्या नोटरीवर किंवा वटमुखत्यारवर घेतलेल्या जागेला बँक लोन देत नाही आणि उद्या विकताना घेणाराही हात आखडतो. ह्यात आयुष्याची कमाई अडकलेली माणसं माझ्यापुढं बसून रडलीत, म्हणून एवढ्या जोरात सांगतोय.

भाड्यानं जाताना लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरार नोंदणी करूनच करा. आपल्याकडं अजून बरेच मालक नोटरीवर भागवतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे आणि ती करायची जबाबदारी मालकाची, पण खर्च तुम्ही अर्धा उचला आणि करून घ्या, एकूण भाड्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, डिपॉझिटमुळं त्यात थोडी भर पडते, नोंदणी फी १००० रुपये, ऑनलाईन घरबसल्या होतं. दोन कलमं आवर्जून घाला, पहिलं म्हणजे डिपॉझिट घर सोडल्याच्या दिवशीच परत मिळेल, आणि दुसरं म्हणजे लॉक-इन तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. सध्या चांगल्या भागात भाडी जरा चढलीत, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झाल्यावर बाहेरगावचे वकील आणि स्टाफ घरं शोधायला लागलेत, सीपीआर हॉस्पिटलच्या आसपास आणि ताराबाई पार्कात ते जास्त जाणवतंय. एजंट हेच कारण सांगून विक्रीचे दरही चढवून सांगतात, त्याला लगेच भुलू नका, माझ्याकडं जे प्रत्यक्ष खरेदीपत्राचे आकडे येतात ते सांगितलेल्या दरापेक्षा नेहमी खाली असतात.

मग घ्यायचं कधी आणि काय. पुढच्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, तोवर तुमच्याकडं १६ लाखाच्या आसपास जमलेले असतील आणि कागलचंही काहीतरी कळलेलं असेल. त्या वेळी नवीन स्कीमच्या ऐवजी सहा-आठ वर्षं जुना, भोगवटा प्रमाणपत्र असलेला रिसेलचा फ्लॅट बघा, ४० लाखाच्या आतबाहेर. त्याला जीएसटी नाही, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी २ लाख ७० हजार, लोन ३२ लाख, हप्ता २७,७७० येतो. तुमचे ८ लाख आणि वरचा खर्च जाऊन तीन-चार लाख हातात राहतात, वहिनींचं कॉन्ट्रॅक्ट एखादं वर्ष थांबलं तरी हप्ता थकणार नाही. आणि २०१९ च्या आधी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगनं २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर बघितलेले असतात, ते तिच्या भिंतीवर लिहिलेलं असतंय. पैसे आले की मध्येमध्ये मुद्दलात भरत जावा, फ्लोटिंग लोनला वैयक्तिक कर्जदाराकडनं प्रीपेमेंटचा दंड घेता येत नाही.

राहिला ह्या आठवड्याच्या टोकनचा विषय. मी २००४ साली असंच "रेट वाढणार" ऐकून ५० हजार दिले होते, साध्या कागदावर पावती, तारीखसुद्धा बिल्डरच्या माणसानं घातली नव्हती. परवानगीच अडकलेली होती ते मला नंतर कळलं, मी स्वतः इंजिनियर असून विचारलं नव्हतं. आता महारेरा, म्हणजे बिल्डरच्या स्कीमवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण आहे, प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि आठच्या वर फ्लॅट असतील तर नोंदणी नंबर असलाच पाहिजे, तो साईटवर टाकून ताबा कधीचा दाखवलाय, किती वेळा तारीख वाढवून घेतलीय, जमिनीवर बोजा आहे का ते आज रात्रीच बघा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. उद्या त्याचा फोन आला तर एवढंच विचारा की बुकिंग रद्द केलं तर किती दिवसांत किती पैसे परत, हे लेटरहेडवर लिहून द्याल का, आणि मी जुलैमध्ये पाणी ४३ फुटाला टेकल्यावर साईटवर येऊन बघून मग टोकन दिलं तर चालेल का. त्यानं काय उत्तर दिलं ते मला इथं कळवा, त्यावरनं पुढचं बोलू.